सूज उतरते, पण दाढ तशीच राहते

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे सासरे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वय ६६. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. साखरेच्या गोळ्यांबरोबर रक्त पातळ करणारी एक गोळीही चालू आहे. खालची उजवीकडची दाढ किडलेली असून गेल्या दीड वर्षात चार वेळा गाल सुजला. पहिल्या वेळी दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "सूज कमी झाली की या, रूट कॅनाल करू नाहीतर दाढ काढू." सूज उतरली, ठणका थांबला आणि अण्णा परत गेलेच नाहीत. पुढच्या वेळी जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या मेडिकलमधून आणल्या, त्यानंतर नुसतं रिकामं पाकीट दाखवून. या वेळी मात्र चार दिवस झाले तरी गाल पुरता उतरलेला नाही आणि तोंडाला घाण वास येतो. ताई विचारतात: अण्णांच्या अंगाला गोळ्यांची सवय झाली का? जास्त पॉवरची गोळी आणावी का? ओळखीचे एक कंपाउंडर "तीन इंजेक्शनं मारली की बसेल" म्हणतात, ते ऐकावं का? मेट्रोनिडाझोल ही तर जुलाबाची गोळी, ती दाढेला कशासाठी? आणि सूज असताना दाढ काढली तर मेंदूला धोका असतो, हे खरं का?

ताई,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतेच, पण त्याआधी एक काम करा. अण्णांना उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. त्यांच्या स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये जातात का ते बघा. जेमतेम एकच बोट जात असेल तर संसर्ग जबड्याच्या स्नायूंपर्यंत पोचला आहे असं समजा. मग हनुवटीखाली, जबड्याच्या आतल्या बाजूला हात लावा. तिथे लाकडासारखं कडक लागतंय का, सूज दोन्ही बाजूंना पसरली आहे का? जीभ वर उचलल्यासारखी वाटते का? आवाज घोगरा झालाय, लाळ गिळता येत नाही, आडवं झालं की दम लागतो, थंडी वाजून ताप येतो? यातलं एक जरी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि अण्णांना तोंडाची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात आत्ता, रात्र असली तरी, घेऊन जा. श्वासाला त्रास असेल तर १०८ ला फोन करा.

मी घाबरवत नाही. खालच्या मागच्या दाढांची मुळं जिभेखालच्या पोकळीच्या फार जवळ असतात. तिथला पू खाली उतरला तर गळ्याच्या पुढच्या भागात पसरतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शिकाऊ डॉक्टर असताना एका रात्री मी असा रुग्ण पाहिला. पन्नाशीचे शेतकरी, मधुमेही, खिशात अर्धं संपलेलं गोळ्यांचं पाकीट. त्यांना आडवं होता येत नव्हतं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते पुढे वाकून बसले होते आणि लाळ टॉवेलवर गळत होती. गळ्याला बाहेरून भोक पाडून श्वासाची नळी घालावी लागली तेव्हा ते वाचले. सुरुवात एका दाढेपासून झाली होती.

यातलं काही नसेल, तर आता निवांत वाचा.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत आहे, आणि ती तुमची एकटीची नाही: गोळीने सूज उतरली म्हणजे गोळीने रोग बरा केला, आणि आता उतरत नाही म्हणजे गोळी कमी पडली. मला वाटतं, गोळीने कधीच दाढ बरी केली नव्हती. आजवर दर वेळी तिने फक्त दाढेबाहेर पसरलेला जाळ विझवला. चूल आत पेटलेलीच होती.

असं का होतं ते सांगते. औषध पोटात गेलं की रक्तातून फिरतं आणि रक्त जाईल तिथेच पोचतं. दाढेच्या आत एक नस असते, तिला रक्तपुरवठा असतो. कीड खोल गेली की ती नस मरते, सडते आणि तिचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणजे दाढेच्या आतल्या पोकळीत औषध न्यायला रस्ताच उरत नाही. मुळाच्या टोकाशी पू साठतो, त्याच्याभोवती शरीर एक भिंत बांधतं. त्या भिंतीच्या आतही औषध फार थोडं शिरतं. भिंतीबाहेरच्या गालात आणि हिरडीत मात्र रक्त भरपूर असतं, म्हणून तिथली सूज चार दिवसांत उतरते. आत जिवाणू तसेच बसून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा बाहेर येतात.

आता हे जिवाणू कोण, आणि 'जुलाबाची गोळी' दाढेला का, ते बघू. काही जिवाणूंना ऑक्सिजन लागत नाही. काहींना तर तो विषासारखा असतो. शाळेच्या पुस्तकातला शब्द विनॉक्सी, डॉक्टरांच्या तोंडी अ‍ॅनएरोबिक. हवेशिवाय जगणारे असे जीव असतात हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये दाखवलं. आपल्या शरीरात त्यांची वस्ती मोठी आहे. मोठ्या आतड्यात इतर जिवाणूंपेक्षा ते सुमारे हजार पटींनी जास्त असतात. हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेतही ते दाटीवाटीने राहतात. तिथे ते मुकाट असतात. पण मेलेली नस, साठलेला पू, सडलेली जखम, म्हणजे जिथे रक्त नाही आणि ऑक्सिजन नाही अशी जागा मिळाली की त्यांची चलती होते. अण्णांच्या तोंडाला येणारा घाण वास बहुधा त्यांचाच.

पुढे फिजिशियन झाले, पण मधली दोन वर्षं मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. पूचा नमुना आला की सिरिंजचं टोक रबरी बुचाने बंद आहे ना, हे आधी बघायचो, कारण हवा लागली की हे जिवाणू मरतात. मग बशीवर नमुना पसरायचा, मधोमध मेट्रोनिडाझोलची एक चिमुकली कागदी चकती ठेवायची आणि बशी ऑक्सिजन काढलेल्या बरणीत बंद करायची. बरणीत एक निळी पट्टी असते. ऑक्सिजन संपला की ती पांढरी पडते. हे जिवाणू सावकाश वाढतात, म्हणून ४८ तास बरणी उघडायची नाही. उघडली की आधी तोच वास यायचा आणि बशीवर सगळीकडे जिवाणूंचा थर दिसायचा, फक्त त्या चकतीभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ.

या वर्तुळाची गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. मेट्रोनिडाझोल १९६० च्या सुमारास बाजारात आलं ते स्त्रियांच्या योनिमार्गात होणाऱ्या ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीवरचं औषध म्हणून. पुढे अमिबा आणि जिआर्डिया या जुलाब लावणाऱ्या परजीवींवरही ते चाललं, आणि आपल्याकडे ती जुलाबाची गोळी ठरली. पण १९६२ मध्ये शिन नावाच्या लंडनच्या दंतवैद्यांनी एक वेगळीच नोंद प्रसिद्ध केली. ट्रायकोमोनाससाठी ही गोळी घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्यांना चिघळून व्रण पडले होते, तेही बरे झाले. विनॉक्सी जिवाणूंवर हे औषध चालतं याचा माग असा हिरड्यांमधून लागला. तेव्हा दाढेसाठी ती गोळी देण्यात तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं.

हे औषध गोळीत असतं तेव्हा निष्क्रिय असतं. विनॉक्सी जिवाणूच्या आत शिरल्यावर त्या जिवाणूचीच यंत्रणा त्याचं रूप बदलते, आणि बदललेलं औषध त्याचा डीएनए तोडतं. ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंत हा बदल टिकत नाही, म्हणून त्यांच्यावर ते जवळजवळ निरुपयोगी आहे. दाढेच्या संसर्गात दोन्ही जातींचे जिवाणू एकत्र असतात. त्यामुळेच पहिल्या वेळी दोन प्रकारच्या गोळ्या होत्या, दुसरी बहुधा अमॉक्सिसिलिन. पुढे नुसतं एक पाकीट दाखवून एकच गोळी आणली असेल, तर तेवढी अर्धीमुर्धी लढाईसुद्धा झालेली नाही.

आता 'जास्त पॉवर'बद्दल. अँटिबायोटिकच्या बाबतीत पॉवर हा शब्दच फसवा आहे. प्रश्न ताकदीचा नसतो, नेमकेपणाचा असतो. कंपाउंडर कोणतं इंजेक्शन म्हणतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण अशा वेळी सर्रास मारली जाणारी जेंटामायसिन किंवा अमिकासिन असतील तर ऐका: ही औषधं जिवाणूच्या आत शिरायलाच ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, त्यामुळे विनॉक्सी जिवाणूंवर ती मुळीच चालत नाहीत. वर किडनीवर ताण. बारा वर्षांच्या मधुमेहात किडनी आधीच नाजूक असू शकते. ते इंजेक्शन घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही 'भारी' वाटणारी औषधंही तोंडातल्या विनॉक्सी जिवाणूंवर दुबळी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकची विभागणी केली आहे, त्यात अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल हे सर्वांना सहज मिळायला हवेत अशा गटात आहेत आणि ओफ्लॉक्सासिन जपून वापरायच्या गटात. म्हणजे अण्णांना मिळालेली साधी, स्वस्त औषधंच बरोबर होती. फक्त त्यांच्याकडून दाढ दुरुस्त करण्याची अपेक्षा ठेवली गेली.

क्लिंडामायसिन नावाची कॅप्सूलही कुणी सुचवेल. तिला जागा आहे, मुख्यतः पेनिसिलिनची (अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं) खरी अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी. पण तिच्यानंतर आतड्यात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू माजून पाण्यासारखे तीव्र जुलाब लागू शकतात. हा जिवाणू स्वतः विनॉक्सी आहे. आतड्यातले इतर, आपल्या बाजूचे विनॉक्सी जिवाणू औषधाने मेले की त्याला मोकळं रान मिळतं. हा धोका कमी-अधिक प्रमाणात प्रत्येक अँटिबायोटिकला आहे.

'सवय झाली का' याचं उत्तर दोन भागांत. अण्णांच्या अंगाला सवय होत नाही, जिवाणूंना होते. अर्धवट आणि वारंवार घेतलेल्या गोळ्यांनी चिवट जिवाणू मागे उरतात हे खरं. तरी या वेळी सूज न उतरण्याचं पहिलं कारण मला तिकडे दिसत नाही. पू वाढला असेल, त्याला वाट मिळत नसेल, आणि साखर चढलेली असेल, हे जास्त संभवतं. संसर्ग झाला की साखर वाढते आणि साखर वाढली की संसर्ग आवरत नाही. आज सकाळी उपाशीपोटीची साखर बघितलीत का? नसेल तर उद्या बघाच.

सूज असताना दाढ काढली तर मेंदूला धोका, ही भीती मी माझ्या आजीच्या तोंडूनही ऐकली आहे. दातांच्या डॉक्टरांच्या दृष्टीने पाहिलं तर पू साठलेला असताना त्याला वाट करून देणं, म्हणजे हिरडीला चिरा देणं, दाढ उघडून मोकळी करणं किंवा काढून टाकणं, हाच उपचार. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही हाच आहे: दाताचा उपचार लगेच करता येत असेल तर बहुतेक धडधाकट रुग्णांना अँटिबायोटिक द्यायची गरजच नाही. ताप, पसरती सूज असेल तर द्यावं, आणि तेही दातावरच्या उपचाराच्या जोडीने. अडचण एक असते, सुजलेल्या भागात भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही. म्हणून डॉक्टर कधी दोन-तीन दिवस थांबतात, कधी दुरून नस बधिर करतात. 'सूज कमी झाली की या' हे वाक्य त्यातून आलं असावं. अण्णांनी त्यातलं 'सूज कमी झाली' एवढंच ऐकलं, 'या' राहून गेलं.

मग रूट कॅनाल की दाढ काढणं? दाढेचा वरचा भाग पुरेसा शाबूत असेल आणि मुळाभोवतीचं हाड धरून असेल, तर रूट कॅनालने चावायला दाढ टिकते. पण दोन-तीन फेऱ्या लागतात, वर टोपी बसवावी लागते, खर्च काही हजारांत जातो. दाढ अगदीच पोखरली असेल तर काढलेली बरी. ६६ व्या वर्षी एक दाढ गेली तर जेवण अडत नाही, आणि मला विचाराल तर, फेऱ्या मारायला अण्णा कंटाळणार असतील तर अर्धवट सोडलेल्या रूट कॅनालपेक्षा एका बैठकीत काढलेली दाढ चांगली. एक्स-रे पाहून डॉक्टरच ठरवतील. खर्चाची काळजी असेल तर आधी जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दंत विभाग आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, त्या बाजूच्या वाचकांना ती सोयीची.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, माझं लक्ष मात्र तिथेच अडकलं. पाकिटावरचं नाव वाचा. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर मेट्रोनिडाझोलशी मोठं भांडण नाही. पण वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल लिहिलं असेल, तर मेट्रोनिडाझोलमुळे त्यांचा परिणाम खूप वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. हिरडीतून रक्त येणं, अंगावर निळे डाग, काळी शी, असं काही असेल तर लगेच डॉक्टरांना गाठा. नसेल तरी ज्यांनी ती गोळी लिहून दिली त्यांना फोन करून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, विचारून घ्या. दाढ काढायची म्हणून ती गोळी परस्पर बंद मात्र करू नका. तो निर्णय हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा.

मेट्रोनिडाझोलबद्दल बाकीच्या वाचकांनीही लक्षात ठेवावं असं थोडं. तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी गडद होते, त्याने घाबरू नका. गोळ्या चालू असताना आणि नंतर तीन दिवस दारू वर्ज्य, अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधंसुद्धा. लांबत गेलेल्या कोर्सने हातापायांना मुंग्या येऊ शकतात. अण्णांना तळव्यांना मुंग्या असतील तर घरचे 'शुगरमुळे' म्हणून सोडून देतील, पण दीड वर्षात गोळ्या किती झाल्या हे डॉक्टरांना सांगाच. आणि ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा नियम आहे. रिकामं पाकीट म्हणजे चिठ्ठी नव्हे.

गोळीने पुरतं भागतं असे विनॉक्सी जिवाणूंचे आजारही आहेत. योनिमार्गातला बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा त्यातला एक. तिथे काही साठलेलं नसतं, औषध थेट पोचतं. उलट मधुमेह्याच्या पायाची काळी पडलेली, वास मारणारी जखम, गुदद्वाराशेजारचं गळू, फुटलेलं अपेंडिक्स, इथे चिरा आणि साफसफाई आधी, अँटिबायोटिक तिच्या सोबतीला. आपल्या घरातलं दुखणं यातलं कोणतं, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारलात तरी पुष्कळ.

राहिले अण्णा. तुम्ही लिहिलंत, "ते हट्टी आहेत, माझं ऐकणार नाहीत." असेलही. पण दीड वर्षात चार वेळा ठणका सोसणारा माणूस नुसता हट्टी नसतो, घाबरलेला असतो. त्या खुर्चीला, सुईला, किंवा मुलाच्या खिशाला. विचारून बघा, पण जेवताना सगळ्यांसमोर नको. सकाळच्या चहाला एकट्याला. "अण्णा, दाढ काढायला जाऊ" म्हणू नका. "फोटो काढून येऊ, काय ते तिथे तुम्हीच ठरवा" असं म्हणा. सून म्हणून बोलणं जड जात असेल तर तुमच्या नणंदेला किंवा त्यांच्या वयाच्या, दाढ काढून आलेल्या एखाद्या मित्राला मध्ये घाला. त्यांच्या पिढीची माणसं डॉक्टरपेक्षा दुखणं सोसून आलेल्यावर जास्त विश्वास ठेवतात.

चौथ्या दिवशीही सूज आहे, तेव्हा हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. उद्याच जा. आत्ता चालू असलेल्या गोळ्या डॉक्टर भेटेपर्यंत मनाने बंद किंवा दुप्पट करू नका. जाताना अण्णांना नेहमीप्रमाणे जेवू घाला, उपाशी नेलंत आणि साखरेची गोळी दिलेली असली तर खुर्चीतच साखर उतरेल. पिशवीत साखरेची वही, हृदयाच्या डॉक्टरांची फाईल, चालू गोळ्यांची सगळी पाकिटं आणि घरात सापडतील तेवढी रिकामी पाकिटंही टाका.